मिरजेच्या भोपळ्यांची जोडी

सांगलीच्या पेठेतल्या एका रेडिओ दुकानदाराने मला फसवलं. माझ्या हाताने केलेले दोन लाउडस्पीकर त्याने निकामी ठरवून माझ्याकडून काढून घेतले, आणि ते निकामी नाहीत हे त्याला घेतानाच ठाऊक होतं. एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. धंद्यात मीही लोकांना गुंडाळलं आहे, लोकांनी मलाही. पण हे करताना त्याने एका तिसऱ्याच माणसाला चोर ठरवलं, आणि ते ठरवायला माझं तोंड वापरलं.

लढाई संपल्यावर मी पलटणीतून सुटून आलो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असायचा. कुणी बिल्ले घेऊन परतला, कुणी एक पाय तिकडेच ठेवून. मी वायरलेसच्या वर्कशॉपात झाडलोट करता करता तारांना कथलाचा डाख लावायला शिकून आलो. मुद्दाम कुणी शिकवलं नाही. गोरा मिस्त्री काय करतो ते मागून बघायचं आणि तो जेवायला गेला की मोडक्या सेटवर करून पाहायचं, एवढीच माझी शाळा. त्यामुळे माझ्या विद्येला मधेमधे भोकं होती. ती कुठे आहेत हे मला माहीत नव्हतं, आणि विचारून घ्यायचा माझा स्वभाव नव्हता.

घरच्यांनी उसाला पाणी द्यायची पाळी माझ्या गळ्यात घातली. चार महिने बांधावर येरझाऱ्या घातल्या. बसवत नव्हतं. पाटाचं पाणी सरीत शिरताना बघत उभं राहायचं, आणि ते शिरून झालं की पुढच्या सरीत शिरताना बघायचं. शेवटी डाखाची पेटी उचलून सांगलीला आलो, एका लाकडाच्या वखारीमागे खोली घेतली आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा काढला. आमच्या भागात तेव्हा हे नवं होतं. जत्रांना, कुस्त्यांना, सभांना कर्णा हवा असायचा, आणि ज्यांच्याकडे विलायती कर्णे होते ते भाव सांगताना छताकडे बघायचे. मी म्हटलं, छताकडे बघणाऱ्याची मिजास कशाला सोसायची? आपण घरीच करू.

मोटारीच्या बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर मी लष्करी भंगारातून उभा केला. त्याच भंगारातून एका मापाचे दोन लोहचुंबक निवडले. पडदा जाड कागदाचा. राहिली कॉइल. कॉइल म्हणजे केसासारख्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. ती पडद्याला चिकटलेली असते आणि चुंबकाच्या खाचेत खाली-वर होते. ती हलली की पडदा हलतो, पडदा हलला की आवाज. माझे हात पाटाच्या कामाने राठ झालेले. चार वेळा तार तुटली. पाचव्यांदा तुटली तेव्हा मी सगळी गुंडाळी भिंतीवर फेकून मारली आणि मिरजेची गाडी पकडली.

मिरजेला सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एक म्हातारे कारागीर होते. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांच्याकडे एक रीत होती. भाव आधी बोलायचा नाही. वाद्य तयार झालं की गिऱ्हाइकाने ते डोळे मिटून ऐकायचं आणि मग भावाचं बोलायचं. मी जन्मात बिनभावाचा व्यवहार केला नव्हता. उंबऱ्यावरूनच सुरुवात केली: इतकी तार, इतके वेढे, दोन नग, बोला.

चाचांनी आधी चहा सांगितला. मग म्हणाले, "बेटा, तू बाजारात आलायस की लढाईवर?"

दुकानातले हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्यात पहिल्यांदाच माझा भाव करायचा राहून गेला.

त्यांनी दोन भोपळे काढून दिले. तंबोऱ्यासाठी आणलेले, पण वाळताना तडे गेलेले. "गाण्याला चालत नाहीत," म्हणाले, "तुझ्या बोलत्या डब्याला चालतील." तडे मी लाखेने भरले, पडद्यामागे भोपळे बसवले आणि मागचं तोंडही लाखेने बंद केलं. दोन्ही कॉइली चाचांनी गुंडाळल्या. वेढ्याला वेढा लागून, मधे केसभर फट नाही. मी एवढंच बजावलं होतं की ज्या टोकापासून गुंडाळायला सुरुवात कराल त्याला लाल दोरा बांधा. त्यांनी बांधला. कॉइली हातावर ठेवताना म्हणाले, "जोडी करून दिली आहे. जोडीसारखी ठेव."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा आशीर्वाद.

वर्कशॉपातला नियम मला पाठ होता. सुरुवातीच्या टोकाला सुरुवातीचं टोक, लालला लाल. म्हणून दोऱ्याच्या टोकाला लाल वायर लावली, दुसऱ्या टोकाला पांढरी. चुंबकसुद्धा खडूने खूण करून दोन्हीकडे एकाच बाजूने बसवले. खोलीवर दोन्ही भोपळे एकेक करून वाजवून पाहिले. काय आवाज होता! गोल, भरलेला, पत्र्याच्या कर्ण्यासारखा किरटा नाही. दोन्ही एकदम मात्र लावून पाहिले नाहीत, कारण वखारवाला एकाच्याच आवाजाने काठी घेऊन दारात आला होता.

कुंडलच्या अलीकडच्या एका गावात जत्रेच्या कुस्त्या होत्या. पंचांनी मला सांगितलं, "आवं मिस्त्री, औंदा नीट झालं तर आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या जत्रा तुमच्याच. आमी शब्द टाकतो." माझं सगळं त्या एका दुपारवर होतं. शेती टाकून आलेला माणूस मी. हे फसलं तर परत पाटाच्या बांधावर.

मैदानाच्या एका अंगाला बांबूचं मचाण केलं, त्यावर दोन्ही भोपळे शेजारीशेजारी, तोंडं माणसांकडे. लालला लाल जोडलं. हजारभर माणूस गोल बसलेलं. जोडी जाहीर करणाऱ्याने माइक तोंडाशी धरला, आणि भोपळ्यांतून जे निघालं त्याला आवाज म्हणवत नव्हतं. पातळ, पोकळ, नाकातलं. शब्द येत होते, पण त्यांत दम नव्हता.

"ह्यो काय नाकात बोलतोय व्हय?" कुणीतरी ओरडलं.

"आरं, भोपळ्याला पडसं झालंय!"

मी अँप्लिफायरचा आवाज वाढवला. नाकातला आवाज मोठ्याने नाकात येऊ लागला. पंच म्हणाले, "मिस्त्री, पैलवानाचं नाव तरी कळू द्या की." मी मचाणावर चढलो, सांधे दाबले, वायरी हलवल्या, आणि संतापाच्या भरात उजव्या भोपळ्याची एक वायर उपटून काढली.

आवाज वाढला.

दोनाचा एक झाला आणि आवाज वाढला. गोल, भरलेला, खोलीवर होता तसा. मी वायर परत लावली, आवाज मेला. काढली, जगला. माझी ही काढघाल सगळं मैदान बघत होतं. पुढच्या रांगेत पटका बांधलेला एक शेतकरी होता. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "गड्या, दोन बैल जुंपल्यात, पर एक म्होरं वढतोय अन् एक मागं! एक सोडला तवा गाडी चालली बघ."

मैदान फुटलं हसून. मी वरून खेकसलो, "तुमच्या बैलांचं तुम्ही बघा!"

एकट्या भोपळ्याचा आवाज मागच्या माणसांपर्यंत पोचेना. पंचांनी पाच मिनिटं वाट पाहिली, मग हलगीवाल्याला पुढे बोलावलं आणि मोठ्या गळ्याचा एक गडी उभा केला. माझा माइक गुंडाळून माझ्या हातात दिला. रागावले नाहीत. रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

पुढचे तीन दिवस मी खोलीत बसलो नाही, उभ्यानेच काम केलं. वायरींचा एकेक हात तपासला, गाडीच्या चाकाखाली चिरडून आत तुटल्या असतील म्हणून. तुटल्या नव्हत्या. सगळे डाख उकरून परत लावले. कॉइल चुंबकाला घासते का ते पाहायला पडद्यावर बोट ठेवून हळूच दाबलं. घासत नव्हती. कागद दमट झाला असेल म्हणून भोपळे उन्हात ठेवले. एकेक वाजवला तर उत्तम, आणि जोडला की पडसं. तिसऱ्या दिवशी वखारवाला दारात येऊन उभा राहिला. काठी नव्हती त्याच्या हातात. म्हणाला, "जरा बसा हो. तुमच्या येरझाऱ्यांनी माझे ओंडके हलायला लागले."

तेव्हा मी ते दोन्ही भोपळे पोत्यात घालून पेठेतल्या रेडिओ दुकानदाराकडे गेलो. त्याच्याकडे मीटर होता, कपाटात विलायती पुस्तकं होती, आणि त्याचे स्वतःचे दोन कर्णे जत्रांना जायचे. त्याच्याकडे जाताना मला लाज वाटत होती. ती झाकायला मी जरा जास्तच ताठ चालत गेलो असणार.

त्याने मीटर लावला. मग खणातून बॅटरीचा एक सेल काढला आणि त्याच्या दोन टोकांना पहिल्या भोपळ्याच्या वायरी क्षणभर टेकवल्या, लाल वर, पांढरी खाली. खट्ट झालं आणि कागदाचा पडदा पुढे उचलला गेला. मग दुसऱ्याला, तशाच, लाल वर, पांढरी खाली. खट्ट झालं आणि पडदा आत गेला. मी समोर उभा होतो. दोन हातांच्या अंतरावर. माझ्या डोळ्यांनी ते पाहिलं. त्याने तेच परत दोनदा केलं, आणि सेल खणात न ठेवता खिशात टाकला.

"अरेरे," तो म्हणाला. "कॉइल कुणी गुंडाळली?"

मी सांगितलं.

"तरीच! आत तारेचे तुकडे आहेत. जागोजाग सांधे. उरलीसुरली तार खपवली हो तुमच्याकडे. सतारवाल्याला विजेतलं काय कळणार, पण तुकडे कुठे घालायचे ते बरोबर कळतं."

"सांधे दिसले तुम्हाला?"

"मीटर सांगतो ना. बघितल्यासारखंच आहे ते."

मग त्याने उदार होऊन सांगितलं की चुंबक तेवढे कामाचे आहेत, भोपळे ठेवून जा, त्याबदली एक जुना पत्र्याचा कर्णा घेऊन जा. मी लगेच भांडायला उभा राहिलो. कर्ण्याला पोचे आहेत, तोंड वाकडं आहे, त्यावर वायर हवी. तो वीस हात म्हणाला, मी साठ. अर्धा तास चाललं. चाळीस हातांवर मिटलं. "तुमच्यापुढे हात टेकले बुवा," तो म्हणाला, आणि मी खुशीत बाहेर पडलो. चाळीस हात वायर खांद्यावर टाकून, शीळ घालत. आयुष्यात ज्या सौद्यांत मी सगळ्यात चांगलं भांडलो, त्यांतला तो एक. आजही आठवलं की पानाची पिंक गिळल्यासारखं होतं.

तिथून मी घरी गेलो नाही. सरळ मिरजेला गेलो. चाचांच्या ओट्यावर बेळगावकडचे एक गवई बसले होते, शेजारी त्यांचा शिष्य. तंबोऱ्याची जोडी तयार झाली होती आणि गवई डोळे मिटून ऐकत होते. त्या दुकानाची ती वेळ देवळातल्यासारखी. मी उंबऱ्यावरूनच ओरडलो, "चाचा, तुकडे घातलेत तुम्ही! भंगार तार विकलीत मला!"

चाचांनी तंबोऱ्याच्या तारांवर हात ठेवून त्या थांबवल्या. "सांधा? कुठं?"

"आत. दोन्हीकडे."

"उघडून पाहिलास?"

"रेडिओवाल्याने पाहिलं."

"तू पाहिलास?"

मी खांद्यावरची वायर सावरली. ते म्हणाले, "घेऊन ये. माझ्यासमोर उघड. एक सांधा निघाला, तर या हाताने परत तार लावणार नाही."

"नाहीत माझ्याकडे. बदलून टाकले."

चाचांनी एकदा गवयांकडे पाहिलं, एकदा माझ्या खांद्यावरच्या वायरीकडे. "मग बेटा, तू न बघताच आलास."

मला तेव्हा थांबायला हवं होतं. मी आणखी बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. गवयांनी तंबोरा अलगद खाली ठेवला, उपरणं सावरलं आणि "पुढच्या खेपेला बघू" म्हणून निघाले. त्यांची पुढची खेप कधी झाली नाही.

महिन्याभराने जतच्या रस्त्यावरच्या एका गावी जत्रेला मी माझा पोचे पडलेला कर्णा घेऊन गेलो होतो. एका मिठाईवाल्याच्या पालावर लावायला. तेवढंच काम मिळालं होतं. दुपारी कुस्त्यांच्या मैदानाकडून आवाज आला. मी हातातली वायर खाली टाकली. गोल, भरलेला आवाज, सबंध माळावर पसरलेला, माझ्या कर्ण्याच्या दसपट. पळतच गेलो. बांबूच्या मचाणावर शेजारीशेजारी दोन भोपळे. लाखेने भरलेले तडे मी चुलत्याच्या तोंडासारखे ओळखले.

मचाणाखाली दुकानदाराचा माणूस बसला होता. "ए, कुठं चढतोयस रं?" तो ओरडेपर्यंत मी वर होतो. मागचं तोंड पाहिलं. माझी लाख जशीच्या तशी, माझ्या अंगठ्याचा ठसासुद्धा त्यावर होता. भोपळा कुणी उघडलाच नव्हता. तुकडे बदलले नव्हते, कॉइल नवी नव्हती. एकच फरक. डाव्या भोपळ्याला लालला लाल होतं आणि उजव्याला लालला पांढरी. दोन वायरींची अदलाबदल. बस.

तिथे मचाणावर बसूनच मला सेल आठवला. एक पडदा पुढे आला होता, एक मागे गेला होता. एक भोपळा हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा तीच हवा मागे ओढत होता, आणि मधल्या मधे आवाज मरत होता. पटकेवाल्याने ते भर मैदानात, फुकट सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात उभा राहिलो. "सांधे कुठे होते?"

दुकानदार हसला. "झालं गेलं. सौदा तुम्ही केलात. वर चाळीस हात वायर घेऊन गेलात."

"सौदा राहू दे. भोपळे ठेवा तुम्ही. सांधा कुठे पाहिलात तेवढं सांगा."

"अहो, गिऱ्हाइकाशी बोलताना माणूस काहीतरी बोलतो."

"मग मिरजेला चला आणि हेच बोला. काहीतरी बोललो म्हणून सांगा."

"त्या म्हाताऱ्याला काय फरक पडतो?"

मी मूठ आपटली आणि काउंटरची काच फुटली. तिथेच माझं चुकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत फुटलेल्या काचेची गोष्ट झाली होती. खोटं कोण बोललं ते कुणी विचारलं नाही.

हाताला फडकं गुंडाळून मिरजेला गेलो. चाचांनी हात पाहिला, बस म्हणाले. मी उभ्यानेच, ओट्यावरच्या चार माणसांदेखत, सगळं सांगितलं. सेलचं सांगितलं तेव्हा त्यांनी तंबोरा ओढून मांडीवर घेतला आणि दोन बाजूंच्या दोन खुंट्या दाखवल्या. डावीकडच्या खुंटीवर तार एका दिशेने गुंडाळलेली, उजवीकडच्या खुंटीवर उलट्या दिशेने. "जोडी म्हणजे अशी," ते म्हणाले. "दाराच्या दोन फळ्या एकाच बाजूला उघडतात का? तू दोन मागितलेस. मी एक डावा दिला, एक उजवा दिला. मला वाटलं, एवढं कुणाला सांगावं लागतं?"

आणि मला वाटलं होतं, दोन्ही एकसारखेच असणार, एवढं कुणाला सांगावं लागतं. लाल दोरा दोन्हीकडे बरोबर टोकाला होता. वेढे उलटे होते. चूक होती ती इतकीच, आणि ती आम्हा दोघांची होती. दोन वायरी बदलल्या की संपणारी.

मी माफी मागितली. मला ते नीट जमत नाही, तेव्हाही जमलं नसेल. चाचा म्हणाले, "तू मागितलीस, मी दिली. पण तू तर ऐकलेलं बोललास. तुझ्या माफीने ते कसं पुसेल? गवई जिथं जिथं गेला, तिथं मिरजेच्या म्हाताऱ्याने तुकडे घातले हे गेलं. ज्याने पाहिलं म्हणून सांगितलं, त्याने या ओट्यावर येऊन सांगावं, की पाहिलं नव्हतं."

चहा पाजला. पण माझ्यासाठी कॉइल परत गुंडाळली नाही. मी मागितलीही नाही.

त्यानंतर मी स्वतः गुंडाळायला शिकलो, आणि कुठलाही लाउडस्पीकर बांधला की पहिल्यांदा सेल लावून पडदा कुठे जातो ते बघायला शिकलो. गावोगावच्या जत्रा पुढे माझ्याकडे आल्या. त्या पहिल्या गावच्या पंचांनी स्वतः बोलावणं पाठवलं. पेठेतून जाताना प्रत्येक वेळी मी त्या दुकानाच्या पायरीवर थांबायचो आणि आत गिऱ्हाईक असेल तर मुद्दाम मोठ्याने विचारायचो, "कधी येताय मिरजेला?" "पुढच्या आठवड्यात," तो म्हणायचा, आणि गिऱ्हाइकाकडे बघून डोळे मिचकावायचा. असे किती पुढचे आठवडे गेले! चाचा गेले. त्यांच्या ओट्यावर आता त्यांचा मुलगा बसतो, आणि भाव आधी बोलत नाही.

दुकानदार अजून आहे. काउंटरची काच नवी आहे, पाटी मोठी झाली आहे. भोपळे मला परत नकोत. चाळीस हात वायर मी केव्हाच त्याच्या पायरीवर टाकून आलो. माझं जे होतं ते मी त्या ओट्यावर उभं राहून, चार माणसांदेखत कबूल केलं आहे. आता त्याने यावं. त्याच्याने चालवत नसेल तर मी गाडी पाठवतो, त्याला यायचं नसेल तर त्याच्या मुलाने यावं. मिरजेच्या त्या ओट्यावर, चाचांच्या मुलासमोर, दिवसाढवळ्या, गिऱ्हाईक बसलेलं असताना उभं राहावं, आणि सांगावं: न उघडलेल्या भोपळ्यात सांधा पाहिला कुठे?